पुढे मी, मागे कोम्पाद्रे

१६ एप्रिल, रविवार

ठरलं! सतरा जुलै, सोमवार. आदल्या दिवशी कार्मेनच्या मातेचा, गाडीवाल्यांच्या रक्षणकर्तीचा, सण. गावातल्या बस-ट्रकांबरोबर आमच्या सायकलींवरही पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडतील, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दुइतामा सोडणार. इक्वादोर, पेरू, बोलिव्हिया. शेवट उयुनीच्या मिठाच्या मैदानात. चार महिने.

मैदान माझ्या सोबत्याने, सावलोंनी निवडलं. मी म्हटलं, एवढं पाय मोडून जायचं ते नुसतं मीठ बघायला? तर म्हणाले, "कोम्पाद्रे, तिथे बारीकसारीक काही नाहीच. जे आहे ते सगळं मोठं आहे. तेच मला हवंय."

बोलताना माझ्या कानामागे कुठेतरी बघत होते. हल्ली असंच करतात. शर्यती जिंकलेल्या माणसाची मान म्हातारपणी अशी वाकडी होत असावी.

मी एकसष्टचा झालो. माझ्या कारखान्यात बांधलेल्या बसगाड्या सीमेपर्यंत जाऊन येतात. मी आजवर देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आधी रिव्हेटं मारत होतो, मग दुसऱ्यांनी मारलेली रिव्हेटं तपासत होतो. वेळ कुठे होता?

२० एप्रिल

सावलो आले होते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आम्ही डोंगरातली माणसं, किलोमीटर मोजतच नाही. घाट मोजतो. एकोणतीस निघाले. मधल्या सपाटीला कुणी बोटही लावलं नाही.

हर्सिलिया गुळाचं पाणी आणि चीज घेऊन आली. नकाशावर वाकली आणि म्हणाली, "अहो, सपाट रस्ता काय आपोआप सरतो?" आम्ही दोघं हसलो. बायकांना घाटाची गंमत कळत नाही.

गावांची नावं मी वाचली, सावलो ऐकत बसले. चष्मा घरी राहिला म्हणाले. पण नावं सगळी पाठ. पोपायान, पास्तो, इपियालेस... मी एक गाव चुकून गाळलं तर लगेच टोकलं. भूमितीसारखं घोकून आलेत. शाळेत कसरत शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण कुणाला वाटेल भूगोलाचे मास्तर.

२३ एप्रिल, रविवार

पहिला सराव. पांतानो दे वार्गासपर्यंत जाऊन परत. ऊन चांगलं. पाय बरे.

नेहमीच्या रविवारसारखंच, पूर्ण वाट पुढे मी, मागे सावलो. एकदाही पुढे आले नाहीत.

मला राग नाही. जिल्ह्याच्या शर्यतीत, चौऱ्याऐंशी साली, आमच्या दूधवाल्यांच्या संघाचे ते कप्तान होते आणि मी ग्रेगारियो. ग्रेगारियोचं काम हमालाचं. कप्तानासाठी पाणी आणायचं, त्याच्यापुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, आणि त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. मी दिलं. ते शर्यत जिंकले, मी फुटलेलं चाक खांद्यावर टाकून सात किलोमीटर चाललो. त्याच माणसाने पुढे माझ्या लेकीला, निदियाला, चर्चमध्ये नाव ठेवताना धर्मपिता म्हणून हातात धरलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. कोम्पाद्रे झाल्यावर भांडता येत नाही. देवाच्या दारात जुळलेलं नातं.

पण आता आम्ही दोघं साठीच्या पलीकडे, कारखाना माझा, आणि तरी वारा मीच खायचा?

परतताना म्हणालो तसं. तर म्हणतात, "चाळीस वर्षं मी एकच देखावा बघतोय, तुमची पाठ. त्यातही अलीकडे विस्तार होतोय. मला कंटाळा नाही, तुम्ही का तक्रार करता?"

मी पुन्हा पुढे लागलो.

७ मे, रविवार

पाइपा गावापर्यंत. वाटेत पाऊस. अलमोहाबाना, चीजचे पाव, खाल्ले, गरम, प्रत्येकी चार. सावलोंनी पाचवा खिशात टाकला. सुख.

सायकल धुऊन मागच्या फ्रीव्हीलमध्ये तेल घालत होतो, तर सावलोंनी हात धरला. राहू द्या म्हणाले, वाजू दे. मी म्हटलं, शंभर पावलांवरून टिकटिक ऐकू येते, माझ्या कानांना त्रास होतो. कारखान्यात साठ फुटांवरचं सैल रिव्हेट मी ऐकून ओळखतो, माझ्या बुडाखाली हा आवाज मी कसा सहन करू?

"चार महिने सोबत करायचीय कोम्पाद्रे. एवढं करा माझ्यासाठी."

केलं. माणसं वयाबरोबर चमत्कारिक होतात. मीही होत असेन.

१४ मे

तंबू आला. दोघांचा. हर्सिलिया म्हणाली, तुमच्या घोरण्याने सावलो पहिल्याच आठवड्यात परत येतील. आतमध्ये झोपून बघितलं, अंगणात. पाय बाहेर येतात.

२१ मे, रविवार

तोता तळ्याला वळसा. मोठी चढण, कांद्याच्या वाफ्यांचा वास. चढणीवर सावलो माझ्या मागच्या चाकाला इतके चिकटून होते की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणि तो श्वास माझ्यापेक्षा शांत! त्रेसष्टाव्या वर्षी. मी माझ्या श्वासाचं इथे लिहीत नाही.

वर पोहोचल्यावर एका मेंढपाळ बाईने हात केला. मी हात केला. सावलोंनी केला नाही. बाई "शुभ दिवस मास्तर" म्हणाली तेव्हा मात्र अगदी कमरेत वाकून नमस्कार. त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. मास्तरकी गेली नाही, आधी विद्यार्थ्याने बोलायचं.

घरी येऊन हे हर्सिलियाला सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली.

४ जून, रविवार

निघायला सहा आठवडे. कारखान्याची किल्ली कुस्तोदिओकडे द्यायचं ठरलं. माझा सर्वांत जुना फोरमन. त्याला सांगितलं, काही अडलं तर फोन कर. तो म्हणाला, "मालक, काही अडलं नाही तरी तुम्हीच कराल."

सगळ्यांनाच मी कळतो.

११ जून, रविवार

आज नीट लिहायला हवं.

सांता रोसाचा उतार. उतारावर नियम असा की पुढच्याने ओरडायचं नाही, वारा शब्द घेऊन जातो. हात पाठीमागे नेऊन खूण करायची. डावीकडे खड्डा तर डावा हात खाली, खडी असेल तर पंजा हलवायचा. मागचा ती खूण वाचतो. हे आम्हाला झोपेतही जमतं.

पहिला खड्डा दाखवला. मागून धप्प. दुसरा दाखवला. धप्प. माझे कान. मी मनात म्हटलं, कप्तानसाहेब डुलक्या काढताहेत. तिसरा मोठा होता, चांगला आधीपासून दाखवला. धप्प, आणि त्यांच्या सीटखालची पिशवी आपटली.

मग मी एक गोष्ट केली. रस्ता अगदी स्वच्छ होता, तिथे खड्ड्याची खूण केली. सरळ आले. ठीक, खड्डा नाही हे दिसलं असेल. मग पुढे, तसाच स्वच्छ रस्ता, मी हात हँडलवर ठेवून तोंडाने ओरडलो, डावीकडे! टायर कचकन उजवीकडे गेलेला ऐकला. लगेच, एका क्षणात.

उतार संपेपर्यंत ब्रेक सोडला नाही.

बेकरीत बसलो. कॉफी आली. मी साखरेचं भांडं न बोलता त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी घेतलं नाही. धरूनच ठेवलं. नाही घेतलं.

मग तेच म्हणाले, "कोम्पाद्रे, मघाशी डावीकडे काही नव्हतं. रस्ता गुळगुळीत लागला."

"नव्हतं."

"मग ओरडलात कशाला?"

"तुम्ही वळता का बघायला."

"वळलो," ते म्हणाले.

"वळलात."

मग सांगितलं सगळं. दीड वर्ष झालं. बघतोय त्याच्या बरोबर मधोमध कुणी अंगठा ठेवल्यासारखं. कडेने दिसतं. रंग, मोठे आकार, डोंगर, ढग. म्हणून माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानामागे बघावं लागतं. तुंहाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कडा राहतील, मधला अंगठा मोठा होत जाईल. कडाही किती दिवस नीट राहतील ते माहीत नाही. म्हणून यंदाच. म्हणून मीठ. पांढरं, मोठं, आणि वर निळं. तेवढं दिसेल.

आणि ती टिकटिक. ते माझ्या फ्रीव्हीलच्या आवाजामागे चालवत होते. दीड वर्ष.

मी गर्व समजलो. माझे एवढे तीक्ष्ण कान, आणि मी गर्व समजलो!

१२ जून

रोसाउराकडे गेलो. सावलोंची बायको, लोकरीचं दुकान चालवते. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं म्हणूनच तुम्ही नेहमी पुढे असता. मी रोज तुमच्यासाठी मेणबत्ती लावते."

माझ्यासाठी मेणबत्ती. बाहेर येऊन कट्ट्यावर बसून राहिलो.

१५ जून

सावलोंना म्हटलं, बसने जाऊ. माझ्याच एका बसने, पहिल्या रांगेत बसून, खिडकीतून मीठ बघू.

ते म्हणाले, खिडकीतून बघायला त्यांना मी लागत नाही. आणि उठून गेले.

१८ जून, रविवार

सराव नाही. मी एकटा गेलो नाही. ते एकटे जाऊच शकत नाहीत. आम्ही दोघं आपापल्या घरी बसून होतो, आठ गल्ल्यांच्या अंतरावर.

दुपारी सुचलं! जोडसायकल. दोन सीट, एक सांगाडा. मी पुढे, हँडल माझ्याकडे. मागच्याला रस्ता बघायचाच नसतो. कडेला बघायचं. आणि त्यांना कडेचंच तर दिसतं. एवढं सरळ आहे आणि मला सात दिवस लागले.

बसचा सांगाडा बांधणाऱ्याला सायकलीचा काय अवघड?

२४ जून

कुस्तोदिओ आणि मी सहा दिवस फक्त तेच करतोय. बसवाले फोन करतात, मी घेत नाही. सावलोंची मापं मला पाठ आहेत, मांडीपासून टाचेपर्यंत. शर्यतीत त्यांच्या सीटची उंची मीच लावायचो. हिरवा रंग दिला, संघाचा होता तोच.

सुंदर झालीय. जरा लांब आहे. कुस्तोदिओ म्हणतो दाराला धक्का लागेल. लागू दे.

२५ जून, रविवार

दाखवली.

सावलोंनी हात फिरवत नेला, पुढचं चाक, हँडल, पुढची सीट, मग मागे. मागच्या सीटवर हात थांबला.

"ही कुणाची?"

"तुमची."

"आणि मी काय करायचं?"

मी म्हटलं, काही नाही, बसायचं. मी नेतो तुम्हाला.

हे वाक्य मी का बोललो?

"मी बटाट्याचं पोतं नाही," ते म्हणाले. "पाय आहेत मला." आणि काठी नसलेला आंधळा माणूस चालतो तसे, भिंतीच्या बाजूने, निघून गेले. दाराचा उंबरठा लागला, तरी थांबले नाहीत.

कुस्तोदिओ उगाच पान्हे पुसत राहिला.

२६ जून

हर्सिलियाशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. "तुम्ही सगळ्यांची मापं घेता आणि बांधून देता. निदियाचं लग्नाचं घर असंच बांधलंत, तिला विचारलंत का, तिला खिडकी कुठे हवी? माणसाला माप पुरत नाही. विचारावं लागतं."

निदियाने दुसऱ्या वर्षी ती खिडकी बुजवली होती. विसरलो होतो. म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

२ जुलै, रविवार

सावलो चर्चमध्ये मिस्साला आले, चौथ्या रांगेत बसले, आम्ही सहाव्या. 'तुमच्यावर शांती असो' म्हणून सगळे शेजाऱ्यांचे हात हातात घेतात, तेव्हा मी दोन रांगा ओलांडून गेलो. त्यांनी हात घेतला. सोडला. कोम्पाद्र्यांना भांडता येत नाही म्हणून हे असं न भांडणं चाललंय. भांडलो असतो तर आतापर्यंत संपलं असतं.

निघायला पंधरा दिवस. नकाशा अजून टेबलावर आहे. त्याच्यावरच जेवतो.

९ जुलै, रविवार

जोडसायकल एकटा घेऊन निघालो, ला रुसियाच्या रस्त्याला. बाजारातून जाताना सगळे. "मालक, मागचा कुठे सांडला?" "लिबोरियो मालकांनी आता भूतही नोकरीला ठेवलं!" हसलो मीही. हसण्यासारखंच होतं ते.

चढण सुरू झाली आणि हसणं संपलं. रिकामी सीट, जड लांबलचक सांगाडा. तिसऱ्या वळणावर उतरलो. ढकलली. पाचव्या वळणावर ढकलणंही जमेना, गवतात बसलो.

आणि बसल्या बसल्या कळलं. मी कधी घाटाचा माणूस नव्हतोच. सपाटीवर वारा फोडायचा, घाटात मागे पडायचं, ही माझी जात. घाट चढायचे ते सावलो. पुढे बसणारा फक्त वळवतो. असं वाहन घाटावर न्यायला मागे खरे पाय लागतात. एकोणतीस घाट! मी त्यांना काय नेणार होतो? त्यांच्याशिवाय मीच जात नाही कुठे.

१२ जुलै

सावलोंच्या घरी गेलो. रोसाउराने दार उघडलं आणि लगेच दुकानात जायचं आठवलं तिला.

मी काही सजवलं नाही. रविवारचं सांगितलं. तिसरं वळण, पाचवं वळण, गवत.

"पाचव्यालाच?" ते म्हणाले. चेहरा हलला नाही, पण ओठाचा कोपरा...

"पाचव्यालाच."

"चौऱ्याऐंशीत तुम्ही चौथ्याला मागे पडला होतात. म्हणजे सुधारणा आहे."

मग मी विचारलं. खरोखर विचारलं, उत्तर माहीत नसताना. "मला मागे पाय हवेत कोम्पाद्रे. याल का?"

ते माझ्या कानामागे बघत होते. म्हणजे माझ्याकडे बघत होते. "उतारावर काय?" त्यांनी विचारलं. "तुम्ही मरेपर्यंत वेगात जाणार, आणि मी मागे बसून कार्मेनच्या मातेचा धावा करणार?"

मी म्हटलं, मागे एक ब्रेक लावतो. मोठा, बसच्या ड्रमसारखा, मागच्या चाकावर. त्याची मूठ तुमच्या हातात. तुम्ही दाबलीत की दोघं थांबलो, मला विचारायचं नाही.

"तुम्हाला ठाऊक आहे मी किती भित्रा झालोय?"

"म्हणूनच."

उठले, आतून पेरूच्या वड्यांची पेटी आणली, एक मला दिली, एक स्वतः घेतली. खाऊन झाल्यावर म्हणाले, सीट एक बोट खाली घ्या, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तुमची चौऱ्याऐंशीची मापं चालत नाहीत.

विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

१४ जुलै

ब्रेक लागला. पहिल्या उताराला त्यांनी तो सतरा वेळा दाबला. सतरा! मी मोजलं. आवाज मोठा आहे, गाढव ओरडल्यासारखा. हर्सिलियाला तो घरातून ऐकू आला, तिने स्वयंपाक चढवला.

१६ जुलै, रविवार

कार्मेनच्या मातेचा सण. फुगे लावलेल्या बसगाड्या, भोंगे, सगळं दुइतामा रस्त्यावर. एकाहत्तर बस, त्यातल्या एकोणीस माझ्या कारखान्याच्या, आणि मध्ये एक लांबलचक हिरवी सायकल. पाद्रीबाबांनी पुढच्या चाकावर पाणी शिंपडलं, मग थोडं थांबून मागच्या चाकावर वेगळं.

रोसाउराने दोघांना एकाच लोकरीचे हातमोजे दिले. हर्सिलिया रडली नाही म्हणाली, आणि रडली.

१७ जुलै, तुंहा, संध्याकाळचे पाच

हे सावलो सांगताहेत, मी फक्त उतरवून घेतोय: "सकाळी डावीकडे तळं, त्यावर पांढरी वाफ. मग निलगिरीची झाडं, बराच वेळ. उजव्या हाताला हिरव्याचे चार प्रकार, एकाखाली एक. चढणीवर काहीतरी तांबडं हललं, गाय असेल किंवा कुणाची घोंगडी. वर ढगाची सावली डोंगरावरून खाली येत होती, आमच्यापेक्षा हळू. सगळं लिहा."

लिहिलं. मला यातलं काहीच दिसलं नाही. मी दिवसभर डांबर बघत होतो.